घाटावर करमलं ते कशानं

मराठीत ‘करमणे’ हे एक अजब क्रियापद आहे. नव्या सासरी गेलेली मुलगी, बदलीच्या गावी गेलेला मास्तर, न्यू जर्सीत नोकरी धरलेला भाचा, कुणीही असो, पहिल्या चार दिवसांत त्याला एकच गोष्ट विचारली जाते: करमतंय का तिथं? ‘सुखात आहेस का’ हा प्रश्न त्यामानाने सोपा. पगार, घर, हवापाणी अशी उत्तरे त्याला देता येतात. करमण्याला तसे उत्तर नसते. पगार भरपूर असून करमत नाही आणि गळक्या छपराखाली करमून जाते. ‘करमणूक’ त्याच घरातली, पण ती वेळ घालवण्यापुरती उरली. क्रियापदाने मात्र जुना अर्थ सोडला नाही. परक्या जागी दिवस आपसूक सरू लागावा, डोळे परतीच्या वाटेकडे वळायचे थांबावेत, एवढा मजकूर त्या चार अक्षरांत आहे. १९८१ साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, अधिवेशने भरू लागली, आणि परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या मनोगताला हक्काचे व्यासपीठ मिळाले. ते मनोगत बहुतेक वेळा याच क्रियापदाभोवती फिरते, आणि त्यात करमणे ही मनाची गोष्ट मानलेली असते: आधी उदासी, मग सवय, मग एका सकाळी समाधान. हा हिशेब अपुरा आहे असे माझे म्हणणे आहे. मन कागदावर उतरते ते बहुधा लिहित्या माणसाचेच. ज्यांनी लिहिले नाही त्यांना करमले की नाही, हे कशावरून ठरवायचे? त्यासाठी एखादे जुने, निकाल लागून चुकलेले स्थलांतर घ्यावे लागेल. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातला परसवाडा त्याला बरा.

पहिला आक्षेप इथेच येईल, आणि तो रास्तही वाटेल. गोंदियाहून बालाघाट चाळीसेक किलोमीटर, तिथून घाट चढला की परसवाडा. ह्याला परदेश कोण म्हणेल? पण आपली भाषाच याचे उत्तर देते. कोकणातला माणूस सह्याद्री चढून वर आला की तो ‘देशावर’ गेला. म्हणजे मराठीत देश बदलायला एक घाट पुरतो. अयोध्या-बुंदेलखंडाकडून आलेल्या शिपायाला, हमालाला आपण ‘परदेशी’ म्हटले, आणि ते इतके रूढ झाले की पुढे कित्येकांचे तेच आडनाव झाले. बालाघाट हा शब्दही असाच मोजमापाचा आहे. ‘बाला’ म्हणजे वरचा. घाटाच्या वरचा तो बालाघाट. बीडकडच्या डोंगररांगेचे नाव तेच, आणि जुन्या वऱ्हाडाचे पाईनघाट व बालाघाट असे दोन भाग याच हिशेबाने पडत. (जिल्ह्यात बारा घाट होते म्हणून ‘बाराघाट’ सुचवले आणि कलकत्त्याच्या कचेरीत ‘र’चा ‘ल’ झाला अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट झकास आहे, एवढेच तिच्या बाजूने म्हणता येईल.) वैनगंगेच्या खोऱ्यातून परसवाड्याच्या पठारावर जायचे म्हणजे सुमारे हजार फुटांची चढण. वर साल आणि बांबूचे रान. पलीकडे बंजर आणि हालोन या नद्या पाणी नर्मदेला नेतात, म्हणजे घाट चढलेला माणूस थोडे पुढे गेला की त्याच्या पायाखालचे पाणीसुद्धा दुसऱ्या समुद्राकडे निघालेले. पावसाळा सरता सरता येणारा हिवताप नवख्या माणसाला हमखास धरी. एकोणिसाव्या शतकात इथे गाडीची धड वाट नव्हती. अंतर थोडे असले तरी परतणे महाग होते, आणि परदेशपण शेवटी परतीच्या खर्चावरच ठरते. आज बोस्टनहून पुण्याला यायला एक दिवस लागतो. त्या काळी वर गेलेला माणूस पावसाळ्यात अडकला तर चार महिने तिथलाच.

इंग्रज अंमलदारांच्या गॅझेटियरांत या पठाराबद्दल एक वाक्य पुनःपुन्हा येते. वरचा भाग निबिड ओसाड होता, आणि लछमन नाईक नावाच्या कुणा एकाने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसवली. लगेच पुढचे वाक्य असे की घडीव दगडाचे एक देखणे बौद्ध देऊळ तिथे उभे आहे, आणि त्यावरून इतिहासाला ठाऊक होण्याआधीच लोपलेल्या एखाद्या संस्कृतीचा माग लागतो. ही दोन वाक्ये शेजारी ठेवताना लिहिणाराला काही खटकले नाही, हे नवलच. पहिली गावे वसवणारा माणूस आणि त्याच्या आधीचे घडीव दगडाचे देऊळ, ही दोन्ही एकाच वेळी खरी असतील तर ‘पहिला’ हा शब्द सांभाळून वापरायला हवा. या जिल्ह्याच्या मातीने ताम्रपटही दिले आहेत. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याचा बालाघाटचा ताम्रपट, दुसऱ्या प्रवरसेनाचा तिरोडीचा, शैलवंशी जयवर्धनाचा राघोलीचा. यांतले तिरोडी आणि राघोलीचे ताम्रपट म्हणजे दानपत्रे: अमुक ब्राह्मणाला अमुक गाव दिले. दानपत्र ही एका अर्थी स्थलांतराचीच नोंद. कुणीतरी कुठून तरी येऊन इथे बसला, राजाने त्याला जमीन तोडून दिली, चंद्रसूर्य असेतो वंशाने उपभोग घ्यावा असे तांब्यावर कोरले. चंद्रसूर्य अजून आहेत. ती घराणी या मातीत कुठे जिरली ते माती सांगत नाही. तेव्हा लछमन नाईक पहिला नव्हे, मधल्या मोठ्या खंडानंतरचा पहिला. त्याच्या नावामागचा नाईक बंजाऱ्यांच्या तांड्याच्या म्होरक्यालाही लागतो, पाळेगारालाही लागतो. एका ओळीखेरीज त्याच्याबद्दल कागद बोलत नाहीत आणि त्या ओळीवर कादंबरी रचण्याचा मोह आवरलेला बरा. गावाच्या नावातही काही फार शोधू नये. परसा म्हणजे पळस. पळसाच्या मुलखात परसवाडे जागोजाग सापडतात. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातही एक आहे. खालच्यांनी वर जाताना नाव सोबत नेले असे म्हणायला छान वाटते, पण झाड दोन्हीकडे आहे.

नाईकाच्या मागून जे आले आणि टिकले त्यांची ओळख मात्र स्पष्ट आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातले पोवार, पंवार असेही म्हणतात. पटले, बिसेन, टेंभरे, तुरकर, राहांगडाले, बोपचे, कटरे, शरणागत, हरिणखेडे ही त्यांची कुळे. (यांत ठाकरेही आहेत. मुंबईच्या ठाकऱ्यांशी त्यांचा नावापलीकडे संबंध नाही, हे बालाघाटात कुणाला सांगावे लागत नाही आणि पुण्यात दरवेळी सांगावे लागते.) त्यांची परंपरा अशी: मूळ धारानगरी, राजा भोजाचा वंश, तिथून आधी रामटेकजवळच्या नगरधनला, मग अंबागड-चांदपूरकडे. पुढे चिमणाजी भोसल्यांच्या कटकेच्या स्वारीत चाकरी केली आणि त्याबद्दल वैनगंगेच्या काठची, लांजीकडची पडीक व जंगली जमीन मिळाली. इंग्रजी जमाबंदीच्या अहवालांतून आणि रसेल या इंग्रज अंमलदाराच्या जातिवर्णनात हीच हकिकत थोड्याफार फरकाने येते. तिच्यातला शेवटचा भाग पटण्याजोगा आहे, कारण भोसल्यांच्या राजवटीचा रिवाज तोच होता आणि त्यांच्या आधी देवगडच्या बख्त बुलंदानेही नाना ठिकाणचे कष्टकरी आणून खोरे वसवले होते. पहिल्या भागाला भोजाच्या परमार घराण्याचे शिलालेख आधार देतात, पण अर्धाच. नागपूरच्या संग्रहालयातली माळव्याच्या राजांची प्रशस्ती, संवत ११६१ ची, परमारांची सत्ता विदर्भात पोचली होती हे सांगते. मात्र राजाची सत्ता पोचणे वेगळे आणि एखाद्या जातीचा वंश तिथून निघणे वेगळे. भाषेची साक्ष तर आणखी तिरपी. घरात बोलली जाणारी पोवारी ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात बघेलीच्या मिश्र बोलींत घातली, म्हणजे उत्तर-पूर्वेला. बोलणारे स्वतः तिचे नाते माळवी-राजस्थानीशी जोडतात. वाद मिटेल तेव्हा मिटो. इथे कामाची गोष्ट एवढीच की ती गोंडीची लेक नाही आणि मराठीचीही नाही. ती बाहेरून आली आणि तीनशे वर्षांच्या आसपास, चहूबाजूंनी मराठी, गोंडी आणि छत्तीसगढी असताना, चुलीजवळ टिकली.

आता ह्या लोकांना वर घाटावर करमले याचा पुरावा काय? भाषा टिकली हा पुरावा धरता येत नाही. न करमलेला माणूसही भाषा घट्ट धरतो, किंबहुना तोच जास्त धरतो. पुरावा जमिनीत पाहावा लागतो, आणि तो बांधीत आहे. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेला, पाणी धरणारा धानाचा तुकडा. पठाराची जमीन उताराची. तिच्यावर पाऊस पडतो आणि वाहून जातो. ती बांधीसारखी करायची तर वरच्या अंगाची माती खणून खालच्या अंगाला टाकायची, धुरा ठोकून बसवायचा, पावसाळ्यात पाणी कुठे साचते आणि कुठे उघडे पडते ते बघायचे, पुन्हा उन्हाळ्यात तिकडची माती इकडे करायची. हे एका वर्षात होत नाही. वरची कसदार माती सरकल्यामुळे खणलेल्या बाजूला पहिली काही वर्षे पीक उलट कमीच येते. शेण, गाळ, पाला टाकून ती बाजू हळूहळू वळणावर येते. धुऱ्याला खेकडा आणि उंदीर भोके पाडतात, ती दरवर्षी बुजवायची. एक बांधी सपाट झाली की तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, आणि वरच्या बांधीतले जादा पाणी खालच्या बांधीत शिस्तीने उतरावे म्हणून धुऱ्याला मोजून केलेली वाट. त्याच्याही वर, उताराच्या माथ्यावर, एखादी बोडी किंवा तलाव, म्हणजे पावसाने दडी मारली तर धान गर्भार असताना एक पाणी देता येते. त्यातच निम्मे पीक वाचते. हे सगळे करून मग रोवणी. आधी पऱ्हे टाकायचे, तीनेक आठवड्यांनी उपटून त्याच्या जुड्या बांधायच्या, चिखल केलेल्या बांधीत बायांनी ओळीने वाकून मागे मागे सरकत एकेक काडी खोचायची. आवत्या टाकला, म्हणजे बी नुसते फेकले, तर हा सारा उपद्व्याप वाचतो. ज्याला दोन वर्षांत परतायचे आहे तो आवत्या टाकतो. पऱ्हे लावणारा, बांधी करणारा, बोडीची पाळ घालणारा माणूस असा पैसा लावतो आहे जो त्याच्या मुलाला मिळणार. परक्या मुलखात मुलाच्या नावावर कष्ट लावण्याइतका भरवसा वाटणे, याला मी करमणे म्हणतो. त्यात आनंद होता की नाही हे त्या धुऱ्यांवर लिहिलेले नाही. पण वाटेकडे लागलेले डोळे मिटल्याशिवाय धुरा सरळ जात नाही.

तुलनेला तंजावर घ्यावे. व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमारास तिथे गादीवर बसले. मराठी माणसाचे ते एक मोठे आणि वैभवशाली परदेशगमन. दुसऱ्या सरफोजींच्या काळात, १८०३ साली, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा लांबच लांब इतिहास मराठीत कोरला गेला. आपण कुठून आलो, कोण होतो, कसे इथवर पोचलो. इतका मोठा लेख कोरून घ्यावा लागणे यात अभिमान आहे तशी एक हुरहूरही आहे. आठवण दगडावर घातली म्हणजे ती मनातून निसटू लागली होती. दरबाराने भिंतीवर लिहिले, शेतकऱ्याने बांधीवर. आजच्या परदेशस्थ मराठी घरात तिसराच प्रकार दिसतो. तिथे ताटात वरणभात, गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीला चकली, सगळे जागच्या जागी असते, आणि नातवंडांना मराठी येत नाही. म्हणजे अन्न राखले, भाषा सोडली. परसवाड्याच्या पठारावर नेमके उलट झाले. परंपरा म्हणते तसे हे लोक माळव्याचे असतील, तर तो गव्हाचा आणि ज्वारीचा, काळ्या मातीचा मुलूख. धान त्यांनी वाटेत कुठेतरी, बहुधा वैनगंगेच्या काठी, शिकून घेतले. तिथे नवेगावबांधसारखे तलाव बांधणारे कोहळी शेजारीच होते. ग्रियर्सन खरा असेल आणि हे पूर्वेकडचे असतील तर धान सोबत आले. पण तरी वरच्या कोदो-कुटकीच्या मुलखात, साल तोडलेल्या उतारावर, हिवतापात ते नव्याने बसवावे लागले. दोन्ही पक्षी, या लोकांनी पोटाची बाजू नव्या जमिनीच्या स्वाधीन केली आणि ओठाची बाजू जुनी ठेवली. भातावर जगणारा भातापुरता तरी त्या गावाचा होतोच. उलट परदेशातल्या मराठी घराचे पोट जुने राहते, कारण तांदूळ पिशवीत मिळतो; तो कुठल्या चिखलात उगवला हे कळायची गरज पडत नाही. नोकरी माणसाला शहराशी जोडते, पण ती नोकरी दुसऱ्या शहरात गेली की माणूसही जातो. बांधी उचलून नेता येत नाही.

यावर दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्याइतका सहज परतवता येत नाही. हे समाधान नव्हे, नाइलाज होता किंवा नफा होता, असे म्हणता येईल. दोन्हींत तथ्य आहे. १८५३ त तिसरे रघूजी वारसाविना वारले, नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि १८६७ पासून भंडारा, मंडला, शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडत नवा बालाघाट जिल्हा उभा राहिला. त्याचा हेतूच मुळी वरचा ओसाड मुलूख खोऱ्यातल्या कष्टाळू शेतकऱ्यांना खुला करावा हा होता. ब्लूमफील्ड नावाच्या डेप्युटी कमिशनरने पठारावर बैहरच्या बाजूला पोवार वसवण्यासाठी खटपट केली. मालगुजारीचा हक्क ही लहान लालूच नव्हती: गाव वसवा, सारा भरा, गावाचे धनी व्हा. तेव्हा वर जाणारा माणूस हिशेब करूनच गेला. पण हिशेबाने माणूस जातो, हिशेबाने टिकतोच असे नाही, आणि इथे टिकण्याची परीक्षा लवकरच झाली. १८९६-९७ चा दुष्काळ, मग १९०० चा. त्या वर्षीच्या एप्रिलात जिल्ह्यात एक लाखाहून अधिक माणसे सरकारी मदतीवर होती. १९०१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली, दहा वर्षांत पंधरा टक्क्यांची घट. म्हणजे मदतीवरचा आकडा साऱ्या लोकवस्तीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाचा. नफ्यासाठी आलेल्याने इथे आवराआवर करायला हवी होती. तशी ज्यांनी केली त्यांचा वाटा त्या पंधरा टक्क्यांत असेलच. पण गावे उठली नाहीत. दुष्काळानंतरही बांध्या धान देत राहिल्या, आणि पुढे गोंदियाहून जबलपूरला जाणारी रेल्वे वैनगंगेच्या खोऱ्यातून निघाली तेव्हा त्या धानाला बाजार जवळ आला. नाइलाजाचे म्हणाल तर करमण्यात नाइलाजाचा अंश असतोच. परतीचा दोर कापलेला नसता तर कित्येकांना कुठेच करमले नसते. परदेशात पहिली पाच वर्षे ‘दोन वर्षांनी परत जाऊ’ म्हणत काढणारे आणि त्यापायी भिंतीला खिळाही न ठोकणारे लोक पाहिले की हे ध्यानात येते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे. गॅझेटियर ज्याला ओसाड म्हणते ते रान रिकामे नव्हते. गोंड होते, बैगा होते. ओसाड म्हणजे सारा न देणारे, असा त्या इंग्रजीचा खरा अर्थ. बैगा नांगर धरत नसे. धरणीमातेची छाती फाडणे त्याला पाप वाटे. तो बेवर करी: झाडे तोडून वाळवायची, जाळायची, पहिल्या पावसाच्या तोंडावर राखेत बी टाकायचे, आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा रानाला परत द्यायची. ही शेती आहे असे महसूल खात्याला वाटले नाही, जंगल खात्याला तर ती नासाडीच वाटली. १८९० च्या सुमारास मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ म्हणून एक तुकडा बेवरासाठी राखून बाकीकडे ती जवळजवळ बंद करण्यात आली. ज्या ब्लूमफील्डने पठारावर नांगर आणला त्यानेच १८८५ त बैगांवर टिपणेही लिहिली. अंमलदारांच्या बाबतीत हे अनेकदा दिसते: ज्याचे जग आपल्या हुकमाने मोडते आहे त्याचे वर्णन ते फार मन लावून करतात. तेव्हा पोवारांचे करमणे आणि बैगांचे करमेनासे होणे एकाच पठारावर, एकाच काळात घडले. यावर ‘बांधीने जंगल खाल्ले नाही, सरकारने खाल्ले’ असा बचाव करता येईल आणि तो निम्मा खराही आहे. राखीव जंगलाच्या सीमा शेतकऱ्याने आखल्या नाहीत, आणि पुढे कान्ह्यात व्याघ्रप्रकल्प आला तेव्हा जी गावे उठवली गेली ती वाघासाठी. पण उरलेला निम्मा भाग बचावात बसत नाही. बेवर फिरती असल्यामुळे तिला फार जमीन मोकळी लागते. एक धुरा पडला की तेवढी जागा कायमची बांधली जाते. ज्या गुणामुळे बांधी करमल्याचा पुरावा ठरते, तिचे कायमपण, तोच गुण दुसऱ्याच्या वाटेत भिंत होतो. माझे विधान यामुळे खोटे पडत नाही, पण त्यातला गोडवा बराच उतरतो, आणि तो उतरलेलाच बरा.

हा आक्षेप ज्याने सगळ्यांत मोठ्याने मांडला तो स्वतःच परदेशी होता. व्हेरिअर एल्विन १९२७ साली विलायतेहून आला, १९३२ त मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी झोपडी बांधून राहिला, आणि १९३९ साली बैगांवरचा त्याचा ग्रंथ निघाला. १९५४ त तो भारताचा नागरिक झाला. परदेशात समाधान सापडलेल्या माणसांची यादी करायला बसले की एल्विनचे नाव पहिल्यांदा सुचते. पण त्याच्या शेजारी, त्याच झोपडीत, शामराव हिवाळे नावाचा एक मराठी माणूस होता. गावकऱ्यांची दुखणीखुपणी बघणे, शाळा चालवणे, भांडणे मिटवणे हे काम मुख्यतः त्याचे. वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधान जमातीवर त्याने एक चांगले पुस्तकही लिहिले. एल्विन पुढे ईशान्येला गेला, मोठा झाला, शिलाँगकर झाला. हिवाळे मंडल्यातच राहिले. दोघांपैकी कुणाला जास्त करमले असे विचारले तर मी हिवाळ्यांकडे बोट दाखवीन, आणि त्याचे कारण तेच, बांधीवाल्याचे: त्यांचे काम त्या गावातून उचलून दुसरीकडे नेण्याजोगे नव्हते. मात्र त्यांनी कुणाच्या वाटेत धुरा घातला नाही, हा फरक विसरता येत नाही.

पठारावर बसलेल्यांच्या नशिबी आणखी एक परदेशगमन होते, तेही जागचे न हलता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा आणि विदर्भातले इतर मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तोवर एका प्रांतात, एका नागपूरच्या छायेत असलेली सोयरीक एका रात्रीत दोन राज्यांत विभागली. गोंदियाकडचा पटले मराठी शाळेत बसला, परसवाड्याकडचा पटले हिंदी शाळेत. इतिहासाला प्रयोगशाळा क्वचित मिळते, पण ही मिळाली: कुळे तीच, बोली तीच, भात तेच, फक्त शाळेची भाषा वेगळी. सत्तर वर्षांनी काय दिसते? दोन्हीकडच्या शिकलेल्या घरांतून पोवारी मागे सरते आहे, इकडे मराठीपुढे, तिकडे हिंदीपुढे. परक्या मुलखाने आणि हिवतापाने जी बोली हटली नाही ती पाठ्यपुस्तकाने हटवत आणली. आणि बांधी दोन्हीकडे जागच्या जागी आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, पुष्कळ तलावांची पाळ ज्याची त्याने बघायची हे दिवस गेले, गाळ साचला. तरी धुरे आहेत, धुऱ्यावर तूर आहे. अन्न नव्या जमिनीचे आणि भाषा जुन्या मुलखाची, हा जो दोन पायांचा तोल होता त्यातला कुठला पाय जास्त पक्का होता हे आता उघडच झाले आहे.

२०२१ साली ‘बालाघाट चिन्नोर’ या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन म्हणजे सरकारदरबारी दिलेला जन्मदाखलाच: हा तांदूळ या मातीचा, अन्य कुठला नव्हे. तो पिकवणाऱ्यांत मोठा वाटा ज्यांचा, ते स्वतःला आजही धारचे म्हणवतात. दर वसंत पंचमीला बालाघाटात राजा भोजाची जयंती होते, शोभायात्रा निघते, हजार वर्षांपूर्वीच्या माळव्याच्या राजाचा जयजयकार होतो. तोवर चिन्नोर कापून, मळून घरात आलेला असतो. ज्या बांध्यांत धान होते तिथे उभ्या पिकातच टाकलेली लाखोळी वर आलेली असते, आणि यात्रेहून परतणारा माणूस निळ्या फुलोऱ्यातल्या धुऱ्यावरून चालताना उंदराचे भोक दिसले की टाचेने दाबून पुढे जातो.